‘लेट्’ : एक रूप, दोन क्रियापदें

इंग्रजी भाषेंतील मोठाले शब्द शिकणाऱ्यास सहसा फसवीत नाहींत, कारण ते कोशांत पाहावेच लागतात. फसवितात ते लहान शब्द. ते आपणांस ठाऊकच आहेत असें समजून आपण पुढें जातों. ‘लेट्’ हें क्रियापद अशांपैकीं एक आहे.

प्रथम त्याचे नित्याचे अर्थ पाहूं.

(१) होऊं देणें. मुलास खेळूं द्या, पांखरास जाऊं द्या, अशा ठिकाणीं इंग्रजींत ‘लेट्’ येतें. मराठींत हें काम ‘देणें’ ह्या क्रियापदाकडे आहे.

(२) भाड्यानें किंवा खंडानें देणें. घरावर ‘टु लेट्’ अशी पाटी असली, तर तें घर भाड्यानें द्यावयाचें आहे असें समजावें. मत्तय २१:३३ येथें धन्यानें द्राक्षमळा माळ्यांस लावून दिला, तेथेंही जुन्या इंग्रजी शास्त्रांत हाच शब्द आहे.

(३) ‘लेट् अस् गो’, म्हणजे आपण जाऊं या. येथें बहुधा कोणी परवानगी मागत नाहीं. बोलणारा सोबत्यांस बोलावितो.

(४) ‘लेट् अलोन्’. त्यास वाचतां येत नाहीं, मग लिहिणें तर दूरच; ह्यांतील ‘दूरच’ तें हें.

हे सर्व अर्थ प्राचीन इंग्रजींतील ‘लॅतान्’ ह्या क्रियापदापासून निघाले. त्याचा अर्थ सोडणें, मागें ठेवणें, होऊं देणें असा होता. जर्मन भाषेंतील ‘लासेन्’ हें त्याचेंच भावंड होय.

परंतु त्याच भाषेंत ‘लेत्तान्’ असें दुसरें क्रियापद होतें, व त्याचा अर्थ अडविणें, खोळंबा करणें. काळानें उच्चार झिजत जाऊन दोहोंचें रूप ‘लेट्’ असें एकच झालें. त्यामुळें एकाच शब्दानें सोडणें आणि अडविणें असे उलट अर्थ होऊं लागले.

हा घोटाळा किती मोठा, हें १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रांत दिसतें. निर्गमाच्या ५ व्या अध्यायांत पहिल्या वचनीं ‘लेट्’ म्हणजे लोकांस जाऊं देणें. पुढें तीनच वचनांनंतर फारो मोशेस व अहरोनास रागें भरतो, तेथें ‘लेट्’ म्हणजे लोकांच्या कामांत व्यत्यय आणणें. रोमकरांस पत्र १:१३ येथें पौल म्हणतो कीं, तुम्हांकडे येण्याचा बेत मीं वारंवार केला, पण आजवर अडथळा आला. तेथें इंग्रजींत ‘लेट्’ आहे. कोणी त्याचा आजचा अर्थ घेतला, तर पौलास वाट मोकळी असूनही तो गेला नाहीं, असा त्या थोर सेवकावर खोटा आरोप येतो! म्हणूनच १८८१ सालीं सुधारलेल्या नव्या करारांत तेथें अडविणें ह्या अर्थाचा स्पष्ट शब्द घालण्यांत आला. वाचकांनीं आपलें मराठी शास्त्र उघडून तें वचन ताडून पाहावें.

अडविण्याचा अर्थ आज बहुतेक लोपला आहे. तरी दोन ठिकाणीं तो टिकून आहे. टेनिसच्या खेळांत पहिला चेंडू जाळीस लागून योग्य चौकटींत पडला, तर ‘लेट्’ म्हणतात व तो पुन्हा मारितात. भारताच्या पासपोर्टावरही, धारकास विनाअडथळा जाऊं द्यावें अशी जी विनंति छापिलेली असते, तींत अडथळा ह्या अर्थीं ‘लेट्’ आहे.

नवल हें कीं, हीं दोन वैरी क्रियापदें मुळांत एकाच धातूचीं आहेत. त्या धातूचा अर्थ ढिलें होणें, थकणें. दावें ढिलें सोडलें कीं बैल मोकळा होतो. चाल मंद केली कीं खोळंबा होतो. गाडी ‘लेट’ आली असें आपण म्हणतों, तो उशिराचा ‘लेट’ शब्दही त्याच कुळांतला.

शिकणाऱ्यांनीं जुनें इंग्रजी वाचतांना एक खूण लक्षांत ठेवावी. ‘लेट्’ नंतर जाणें, करणें असें दुसरें क्रियापद असेल, तर बहुधा होऊं देणें हा अर्थ. तसें नसेल, आणि घर, शेत किंवा मळा ह्यांची गोष्टही नसेल, तर थांबावें व अडविणें हा अर्थ लावून पाहावा. ओळखीचा शब्द पुन्हा कोशांत पाहण्यांत कमीपणा नाहीं. न पाहतां भलताच अर्थ दुसऱ्यास शिकविण्यांत मात्र हानि आहे.