मालखरेदीला विमानाने जायचं का? आधी हे गणित करा



2025 मध्ये सोलापूर–मुंबई विमानसेवा सुरू झाली आणि आपल्या धाराशिवच्या दुकानदारांचा एक प्रश्न ठरूनच गेला: "तासाभरात मुंबई, मग रेल्वेत रात्र कशाला काढायची?" व्हिडिओत फळ्यावर मांडलेलं उत्तर इथे लिहून देतोय. वही-पेन घ्या.

1. हवाई अंतर आणि तिकिटावरची वेळ

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधलं सरळ अंतर. सोलापूर–मुंबई सुमारे 360 किलोमीटर. उंचीवर गेल्यावर जेट विमान ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे हिशोबाने अर्धा तास. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, मुंबईत उतरायला नंबर लागणं हे सगळं धरून तिकिटावर तास-सव्वा तास दिसतो.

2. दारापासून दारापर्यंत

समजा, कापड घ्यायला मंगलदास मार्केटला जायचंय.

- धाराशिव ते सोलापूर विमानतळ: पावणेदोन तास
- विमानतळावर आधी पोहोचणं, तपासणी: दीड तास
- विमान: सव्वा तास
- सामान घेऊन बाहेर पडणं: अर्धा तास
- मुंबईच्या ट्रॅफिकमधून मार्केट: सव्वा तास

एकूण सव्वासहा तास. त्यात विमानाचा वाटा फक्त सव्वा तासाचा!

3. तुमच्या तासाची किंमत

रोजचा गल्ला 15,000, त्यात नफा 20 टक्के, म्हणजे 3,000 रुपये. दुकान 10 तास उघडं, तर एक तास 300 रुपयांचा. प्रवासाचे सहा तास दुकानाच्या वेळेत गेले, तर 1,800 रुपये तिकिटाच्या वर धरा. संध्याकाळी पोहोचलात आणि मार्केट बंद झालं, तर लॉजचं भाडंही आलं.

आता लातूरकडून येणारी रात्रीची मुंबई एक्स्प्रेस बघा. तास जास्त लागतात, पण ते झोपेचे, गल्ल्याचे नाहीत. सकाळी सीएसएमटीला उतरा, मार्केट चालत जाण्याइतकं जवळ. म्हणून मुंबईच्या साध्या खरेदीला बहुतेकांना रेल्वेच परवडते.

4. मग विमान कधी?

अंतर लांब असेल तेव्हा. दिल्लीला सोलापूरहून रेल्वेने एक दिवसाहून जास्त लागतो. विमानाने पुण्याहून हवाई अंतर सुमारे 1,150 किलोमीटर, हैदराबादहून 1,260. हा 110 किलोमीटरचा फरक हवेत दहा मिनिटांचाही नाही. तेव्हा विमानतळ निवडताना हवाई अंतर बघू नका. रस्त्याचे तास, विमानाची वेळ आणि भाडं बघा.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानाच्या एका तासाची किंमत काढा. पुढच्या खरेदीसाठी रेल्वे, बस आणि विमान असे तीन रकाने पाडा. प्रत्येकात भाडं, रिक्षा-टॅक्सी, मुक्काम आणि बुडालेले दुकानाचे तास लिहा. विमानाचे दिवस आणि वेळा बदलत असतात, त्या बुकिंगआधी तपासा.

बेरीज ज्याची कमी, तिकीट त्याचं काढा!