गाडी रुतली तर खर्च किती?

ट्रॅक्टरवाल्याने दीड हजार घेतले. बंपरला बावीस हजार लागले. दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवरचा हा माझ्याच गाडीचा हिशेब, आणि चूक ट्रॅक्टरवाल्याची नव्हती. दोर कुठे बांधू, असं त्याने विचारलं होतं. मलाच ठाऊक नव्हतं. त्याने खालून हात घालून जे हाताला लागलं त्याला गाठ मारली. पहिल्याच हिसक्याला बंपर एका बाजूने लोंबायला लागला आणि गाडी होती तिथेच.

रुतलेली गाडी बाहेर काढायला फार पैसे लागत नाहीत. लागतात ते चुकीच्या जागी बांधलेल्या दोराला, खाऱ्या पाण्याला आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबण्यात घालवलेल्या पहिल्या दहा मिनिटांना.

तेव्हा पहिलं काम आजच, पार्किंगमध्ये करा. खर्च शून्य. डिकीतला टूलकिट काढा. जॅक आणि पान्याजवळ आट्यांचा एक जाड लोखंडी हुक असेल. पुढच्या बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं, ते स्क्रूड्रायव्हरने उघडा आणि हुक आत फिरवून बघा. हाताने घट्ट झाला की थांबू नका, पाना अडकवून शेवटपर्यंत पिळा. अर्धवट बसलेला हुक वाकतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हुक बऱ्याचदा गायब असतो. तो शोरूममधून मागवा; वाळूत उभं राहून मागवता येत नाही. थारसारख्या गाड्यांना हुक पक्के बसवलेले असतात, त्यांची जागा तेवढी पाहून ठेवा. गाडीच्या पोटाखाली दिसणारी भोकं आणि कड्या मात्र ट्रकवर गाडी बांधण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नव्हे. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीच अडकवू नका. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, माणसं मेली आहेत.

त्याच वेळी आणखी एक खात्री करा: तुमची गाडी चारही चाकांवर चालते का? रस्त्यावरच्या बहुतेक ‘एसयूव्ही’ दिसायला दांडग्या आणि चालायला पुढच्या दोन चाकांच्या. तुमची तशी असेल तर डांबर संपतं तिथे तुम्हीही संपवा.

सामानात काय घ्यायचं? दुकानदार दाखवतो त्यातलं निम्मं नको. पहिली खरेदी हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप: दीड ते साडेतीन हजार. दुसरी, हवा मोजायचा गेज: तीनशेच्या आसपास. ही दोन साधनं सगळ्यांत जास्त गाड्या बाहेर काढतात, कारण वाळूत पहिला इलाज दोर नाही, हवा कमी करणं हा आहे. नेहमीची ३२-३३ पीएसआय हवा १६-१८ वर आणा. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, वर येतो. १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटेल. बाहेर आल्यावर तिथेच पुन्हा हवा भरा. तशाच टायरवर महामार्गाला लागणं म्हणजे दुसरं संकट. पंप हवा तो त्यासाठी.

मग फावडं. घडीचं चार-पाचशेला मिळतं, पण मला गवंड्याचं आखूड दांड्याचं जास्त भरवशाचं वाटतं. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीरुंदीची जाड फळी, सुताराकडे फुकट. ती नसेल तर वाळूत गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. दोर गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा हवा, म्हणजे दोन टनांच्या गाडीला निदान पाच टनांचा. साधा पट्टा हजार-दीड हजार, ताणला जाणारा कायनेटिक दोर पाच हजारांच्या पुढे. दोर हुकाला जोडायला दोन डी-शॅकल, प्रत्येकी चारशे-पाचशे. प्लास्टिकच्या ट्रॅक्शन पाट्या पाच ते बारा हजार. वर्षातून एकदा जाणाऱ्याने त्याऐवजी चार रिकामी पोती न्यावीत. विंच पंचवीस-तीस हजारांपासून पुढे, आणि पुळणीवर तो अडकवायला झाड शोधत बसाल. नको.

एकूण चार-पाच हजारांत काम भागतं.

किनाऱ्यावर गाडी उतरवू नका, हा पहिला सल्ला. गोव्यात तर त्याला बंदीच आहे. आपल्याकडेही किनाऱ्यावर गाडी नाचवणाऱ्यांवर पोलीस गुन्हे दाखल करतात. तरीही ‘इथे सगळेच नेतात’ म्हणून कुणी उतरेलच, तर त्याने निदान तिथी पाहावी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आता पौर्णिमा-अमावास्येचा हिशेब करा. भरती दुपारी सव्वाअकरा-बाराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. म्हणजे सूर्यास्ताचे फोटो काढायला तुम्ही पोहोचता तेव्हा पुळण सगळ्यांत रुंद आणि ओली वाळू डांबरासारखी टणक दिसते. गाडी पार खाली जाते, रुतते, अंधार पडतो आणि जे पाणी वर यायला लागतं ते उधाणाचं असतं. नेमक्या वेळेसाठी मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघा, पण आडाखा पाठ असू द्या. रेंज नसली तरी तो चालतो.

चाक जागच्या जागी फिरलं की पाय काढा. त्याच क्षणी. आणखी दाबलंत तर चाक खड्डा खणतं, गाडीचं बूड वाळूला टेकतं आणि दहा मिनिटांचं काम तीन तासांवर जातं. माणसं खाली उतरवा, हवा कमी करा, चाकांच्या मागची वाळू लांबवर उपसा, पोती किंवा नारळाच्या झावळ्या चाकाला भिडवून घाला आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर बंद करा; चाक फिरताच ते इंजिनची ताकद कापतं. चिखलातही रीत हीच, हवा थोडी जास्त, वीसच्या आसपास. काळ्या मातीत मात्र टायरच्या नक्षीत गारा भरून चाक गुळगुळीत होतं, तो आधी पान्याने किंवा काठीने काढा. आणि सायलेन्सरचं तोंड चिखलात बुडालं असेल तर एसी लावून आत बसू नका. तो धूर जीव घेतो.

नाहीच निघाली तर गावात जा. ट्रॅक्टरचे हजार ते तीन हजार. भरती जवळ आली की आकडा फुगतो, आणि त्याला लूट म्हणू नका, तो स्वतःचा ट्रॅक्टर पाण्यात घालतोय. पण दोर बांधण्याआधी तीन गोष्टी ठरवा: पैसे ‘गाडी सडकेवर’ आणण्याचे की नुसते ओढून बघण्याचे, दोर कुणाचा, आणि बांधणार कुठे. हुकाला स्वतः बांधा. आधी खणून वाट करा. सरळ रेषेत, हळूहळू ओढायला सांगा. दोरावर मध्यभागी गोधडी किंवा ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब हटवा. जेसीबी तासाला हजार-दीड हजार, पण तास त्याच्या अड्ड्यावरून निघाल्यापासून मोजतात आणि किमान दोन तास धरतात. भातखाचरात घसरला असाल तर बांध आणि रोपं मोडल्याचे पैसे शेतकऱ्याला आधी द्या, मग ट्रॅक्टर मागा. बहुतेकदा ट्रॅक्टरही त्याचाच असतो.

रोडसाइड असिस्टन्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ही सेवा गाडी रस्त्यावर आहे असं धरून चालते. फोनवर सरळ विचारा: “गाडी सडकेपासून शंभर फूट आत रुतली आहे. काढणार का? त्याचे वेगळे किती? किती किलोमीटर फुकट?” उत्तर मेसेजवर मागा. खासगी टोइंगवाला पहिल्या टप्प्याचा ठोक दर आणि पुढे किलोमीटरमागे पैसे लावतो. टोल, रात्रीचा दर, परतीचा रिकामा फेरा आधी विचारा. दापोलीहून पुण्याला गाडी आणायची तर दहा-पंधरा हजार धरून चाला. ऑटोमॅटिक, चारचाकी ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फक्त फ्लॅटबेड. दोन चाकं उचलून उरलेली रस्त्यावर फरफटत नेणारी क्रेन स्वस्त पडते आणि गिअरबॉक्स किंवा मोटर घेऊन जाते.

विम्याचं गणित थोडक्यात. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत अपघातानंतर गाडी ओढून नेण्याचा खर्च खासगी मोटारीला १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. प्रत्येक दाव्यात पहिले १,००० (१,५०० सीसीच्या वर २,०००) तुमचे. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, झिरो डेप घेतलं नसेल तर. वर २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस जातो. माझ्या बंपरचा दावा मी म्हणूनच केला नाही.

इंजिनात पाणी गेलं असेल तर हिशेब लाखांत जातो. बंद पडलेल्या गाडीला सेल मारू नका, एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ‘तुम्ही चालू केली म्हणून नुकसान झालं’ असं म्हणून कंपनी दावा नाकारते. इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कवच घेतलेलं नसेल तर मुळातच मिळत नाही. दावा करायचा असेल तर गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, कंपनीला कळवून नोंद क्रमांक घ्या आणि सर्व्हेअर बघेपर्यंत काही उघडू देऊ नका. आरसी, लायसन्स, पॉलिसी, पीयूसी लागेल. डिजिलॉकरमधली चालतात, पण रेंज नसलेल्या जागी ती उघडत नाहीत, म्हणून फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. जीव धोक्यात असेल तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, पण पुळण म्हणजे महामार्ग नव्हे.

गाडी खाऱ्या पाण्यात गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवून घ्या. वॉशिंग सेंटरवाल्याला लिफ्टवर घ्यायला सांगा, नुसतं बाजूने पाणी मारून पैसे घेतात. चाकं काढून ब्रेकमधली वाळू साफ करायला वेगळं सांगावं लागतं. मी ते सांगितलं नव्हतं. महिन्याभरात मागचे ब्रेक किंचाळायला लागले.