ठोक्याचा माइक : साउंडवाल्या आबांचे कानमंत्र

"आबा, किकला कुठला माइक घेऊ?" साउंडच्या धंद्यात उतरणारा प्रत्येक पोरगा हे विचारतो. त्याला नाव हवं असतं. नावं सांगतो मी, पण जरा दमानं. सातारा-सांगलीकडं साउंड लावणाऱ्याच्या वाट्याला नुसता किक ड्रम येत नाही. आज ऑर्केस्ट्रा, उद्या तमाशा, परवा सप्ताहातलं कीर्तन, नंतर बिरोबाच्या जत्रेतले गजी ढोल. खालचा आवाज या सगळ्यांत आहे आणि प्रत्येक वाद्यात तो वेगळ्या जागेवरून निघतो. ती जागा ज्याला सापडली त्याचं साध्या माइकवरही भागतं. ज्याला सापडली नाही, त्याला महागडा माइकसुद्धा नुसती घूं-घूं देतो.

आधी वाद्याजवळ उकिडवा बस

माइक पेटीतच राहू दे. वादकाला म्हणावं, "दादा, जरा हळू हातानं वाजवा." एक कान बोटानं बंद कर आणि दुसरा कान वाद्याभोवती फिरव. जिथं ठोका भरीव आणि मोकळा लागतो, तिथं माइकचं तोंड येणार. हळू वाजवायला सांगायचं ते कानासाठी. पूर्ण जोराच्या किकजवळ कान नेशील तर रात्रभर शिट्टी वाजत राहील, आणि या धंद्यात कान गेला की सगळं गेलं.

वाद्य उतरलेलं असेल, पुडी ढिली असेल, किकच्या आत काही खडखडत असेल, तर ते आधी निस्तरायला सांग. वाद्यात नाही ते माइक आणणार कुठून? आणि वादकाला विचारल्याशिवाय त्याच्या वाद्याला हात लावायचा नाही. हा मंत्र माइकच्याही आधीचा.

खालचा आवाज एकटा नसतो

चार तारी बेस गिटारची सगळ्यांत खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते. किकची धम्म साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. पण एवढंच पकडलंस तर मागच्या रांगेतल्या माणसाला काही कळत नाही, पोटात हादरा बसतो फक्त. किकचा ठोका ओळखू येतो तो बीटर पुडीवर आपटतो त्या टणक 'टक्' आवाजामुळं, आणि तो असतो वर, ३ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास. मधला ३००-४०० हर्ट्झचा भाग खोक्यावर थाप मारल्यासारखा वाजतो. तो बहुतेक वेळा नकोच असतो.

किकसाठी म्हणून विकले जाणारे माइक याच हिशेबानं घडवलेले असतात : खाली उचललेले, मध्ये दाबलेले, वर टोकदार. एकेजीचा डी ११२, शुअरचा बीटा ५२ए, ऑडिक्सचा डी ६ ही त्यातली ठळक नावं. ऑडिक्समध्ये हे दाबणं-उचलणं जास्त, त्यामुळं लावला की लगेच तयार आवाज मिळतो. पण तो तयार आवाज तुला नको असेल, तर बदलायला वाव कमी. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २० हा १९६८ सालचा आणि सेनहायझरचा एमडी ४२१ हा १९६० सालचा. हे दोन्ही किकपुरते नाहीत. बेसच्या अँपलाही चालतात, माणसाच्या आवाजालाही चालतात. महाग आहेत, पण वर्षभर कामाला लागतात.

डायनॅमिक की कंडेन्सर

जत्रेच्या स्टेजवर ठोक्याला डायनॅमिक. त्याला वीज लागत नाही, जोराचा ठोका तो पचवतो, धूळ, धक्का, दमट हवा सोसतो. कंडेन्सरला मिक्सरमधून ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर लागते. तो बारीकसारीक सगळं टिपतो, म्हणजे शेजारचं कीबोर्ड आणि मागचा जनरेटरही टिपतो. पाटण-कोयनेकडच्या ओल्या हवेत तो मधेच चरचरायला लागतो. तिकडून आल्यावर माइक कोरड्या फडक्यानं पुसून, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून डब्यात ठेवायचे.

ठोक्याला डायनॅमिक, या नियमाला एक अपवाद आहे. शुअर बीटा ९१ए हा चपटा कंडेन्सर किकच्या आत उशीवर नुसता ठेवून देतात. त्याचा 'टक्' झकास येतो. स्टँड लागत नाही, कुणाचा पाय लागून पडतही नाही.

अंतर म्हणजे अर्धा माइक

एका दिशेनं ऐकणारा माइक वाद्याच्या जितका जवळ नेशील, तितका खालचा आवाज फुगतो. गायक एसएम ५८ ओठाला लावून गातो तेव्हा आवाज जाड होतो, तो याच कारणानं. त्यामुळं खालचा आवाज कमी पडला की आधी मिक्सरचा बास वाढवू नकोस. माइक दोन बोटं पुढं सरकव आणि ऐक. घुमायला लागला तर तेवढाच मागं घे. आरई २० ची घडणच अशी की जवळ-लांब केल्यानं त्याचा आवाज फारसा जाड-बारीक होत नाही. हालचाल करणाऱ्या वादकापुढं त्याचा उपयोग होतो.

किक ड्रमची तीन ठिकाणं

पुढच्या पुडीला भोक असेल तर तीन जागा करून बघायच्या.

पहिली, माइक आत घालून बीटरच्या पुडीपासून तीन-चार बोटांवर. 'टक्' भरपूर, घुमारा कमी. जलद गाण्यांना ही जागा.

दुसरी, माइकचं तोंड भोकाच्या जरासं आत. ठोका आणि घुमारा दोन्ही बरोबरीनं येतात. शंका असेल तेव्हा इथून सुरुवात कर. फक्त भोकासमोर तळहात धरून बघ. जिथं हवेचा फटका हाताला लागतो, त्याच्या ऐन मध्यावर माइक ठेवू नकोस. फटका आवाजात 'फप्' असा उतरतो.

तिसरी, बाहेर, पुडीपासून एक वीतभर. घुमारा मोठा येतो, पण त्यात बाकी सगळा स्टेजही येतो.

भोक नसेल तर तिसऱ्या जागेवरच भागवायचं. तेव्हा माइक ऐन मध्यावर न धरता थोडा कडेकडे सरकव. बीटरच्या बाजूनं दुसरा माइक लावायचा मोह होईल. त्यात स्नेअर येतो, पेडलची कुरकुर येते. ती बाजू शेवटचा उपाय म्हणून ठेव.

ढोलकी, पखवाज, डग्गा, ढोल

तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीच्या शेजारचं. या मुलखात तमाशाची ढोलकी सगळ्यांनी ऐकलेली असते, त्यामुळं ढोलकी बिघडली की पहिल्या रांगेतून लगेच ओरडा येतो. ढोलकीवाला उभ्यानं वाजवतो, नाचणारीच्या पायाकडं बघत पुढं-मागं होतो. शाईच्या बाजूचा कडक बोल तर माइकशिवायही पोहोचतो. गरज असते ती धुमाच्या बाजूला. तिथं मी किकचा माइक लावत नाही. किकचा माइक मधला भाग दाबतो आणि धुमाचा घिस्सा, हाताच्या दाबानं वर-खाली होणारा तो आवाज, मधल्या भागातच असतो. तो दाबला की ढोलकी मुकी. १९६५ सालचा, अजूनही तसाच निघणारा एसएम ५७ इथं नामी काम करतो. धुमापासून चार-पाच बोटं, पुडीकडं थोडा तिरका. शाईला दुसरा, जरा लांबून.

पखवाजाच्या धुमाला कणीक लावतात. तिच्या वजनानं पुडीचा आवाज खाली उतरतो. लोणंद-फलटणकडं पालखीच्या मुक्कामाचं कीर्तन असो की गावचा सप्ताह, पखवाजाच्या आजूबाजूला टाळांची रांग असते. टाळ वरच्या आवाजात सगळं झाकून टाकतात. तिथं कंडेन्सर लावलास की टाळच ऐकू येणार. डायनॅमिक घे, जवळ लाव आणि त्याची पाठ टाळकऱ्यांकडं येईल असं बघ. ओली कणीक माइकच्या जाळीला चिकटणार नाही एवढी जागा मात्र सोड. आणि कीर्तन चालू असताना कणीक कमी-जास्त केली की वाद्याचा आवाज बदलतो. मिक्सरवरून हात काढून चहाला जाऊ नकोस.

तबल्याच्या डग्ग्याबद्दल शास्त्रज्ञांनाही कुतूहल होतं. सी. व्ही. रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांवर १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं. शाईच्या थरामुळं पुडीचे वरचे सूर एकमेकांशी जुळून येतात आणि ठोक्याला सूर चढतो, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच : डग्ग्याचा ठोका हा सूर आहे, नुसता दणका नाही. त्याला वरून, एक वीत अंतरावरून, पुडीकडं तोंड करून माइक लाव. मनगटाला अडथळा होता कामा नये.

कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाच्या बनात गजी ढोल ऐक. ढोलवाले वाजवता वाजवता नाचतात, गोल फिरतात. स्टँडपुढं एकेकाला उभं करशील तर नाचच मरतो. तिथं दोन माइक उंचावर, घोळक्यापासून थोडे लांब, आणि रेकॉर्डिंग असेल तरच. उघड्यावर ऐकणाऱ्यांना गजी ढोलाला माइक लागत नाही. माइक कुठं लावायचा नाही हेही कळलं पाहिजे.

बेस गिटार आणि ऑक्टोपॅड

बेस गिटार आधी डीआय बॉक्समधून सरळ मिक्सरला घे. स्वच्छ आणि खात्रीचा आवाज. तेवढ्यानं जीव येत नसेल तर अँपच्या स्पीकरपुढं माइक दे. कोनच्या ऐन मध्यावर आवाज धारदार, कडेकडे सरकलास की मऊ. अँप जमिनीवरून खुर्चीवर उचललास तर घुमणं कमी होतं.

डीआय आणि माइक दोन्ही एकत्र वापरताना माइकचा आवाज थोडा मागून येतो, फुटाला जवळपास एक हजारांश सेकंद. त्यानं दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि बेस पोकळ होतो. मिक्सरवरचं फेजचं बटण दाबून बघ. ज्या बाजूला बेस भरीव लागतो ती बाजू ठेव. किकला आत-बाहेर दोन माइक असतील तरी हीच परीक्षा.

ऑक्टोपॅडला माइक लागतच नाही, वायर सरळ मिक्सरला. तरीही त्याच्या स्पीकरपुढं माइक धरणारे महाभाग भेटतात.

मिरजेचा खर्ज

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या गावात गाण्याची बैठक लावायचं काम आलं तर एक लक्षात ठेव. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे आकड्यानं बघितलं तर किकच्याच पट्ट्यात. म्हणून तिथं किकचा माइक लावशील तर फसशील. खर्जाचं सगळं वैभव जवारीत आहे, घोडीवरून उठणाऱ्या वरच्या सुरांत आहे. आपला कान त्या वरच्या सुरांवरूनच खालचा सूर ओळखतो. इथं बारीक कंडेन्सर हवा, घोडीपासून फूटभर, भोपळा आणि तार या दोघांकडं बघणारा. आवाज गायकाच्या खाली ठेव. तानपुरा कानावर आदळला की गवई वैतागतो.

स्टेज आणि स्पीकर बघून माइक ठरव

गावात अजून कर्णे असतील तर किकच्या माइकवर पैसा घालू नकोस. कर्ण्यातून खालचा आवाज बाहेरच पडत नाही, तिथं 'टक्' पोहोचला की पुरे. सब असतील तर मग भरीव माइकचा फायदा.

लाकडी फळ्यांचं स्टेज पोकळ असतं. पावलांचा धपधप आवाज स्टँडमधून माइकमध्ये चढतो. स्टँडखाली जाड सतरंजी घाल. गायकांच्या, टाळ-पेटीच्या माइकचं लो कट बटण दाबून ठेव, म्हणजे खालची जागा ठोक्याला मोकळी राहील. बीटा ५२ए सारख्या माइकला ऐन पाठीमागून थोडं ऐकू येतं, त्याचा बहिरा भाग पाठीच्या दोन्ही अंगांना असतो. मॉनिटर तिथं ठेव.

जनरेटरचा ५० हर्ट्झचा हम नेमका ठोक्याच्या पट्ट्यात बसतो. अर्थिंग आणि कॅनन पिनांचे डाग आधी तपास, माइकला दोष नंतर दे.

६० हर्ट्झची एक लाट जवळपास पावणेसहा मीटर लांब असते. त्यामुळं मिक्सरपाशी दणदणीत वाटणारा बेस चार पावलांवर गायब असू शकतो. पटांगणात चालत फिर, मगच बटण फिरव. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं, सरकारनं सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ठोका नीट पकडलेला असला की कमी आवाजातही कार्यक्रम भरतो, आणि पोलीस पाटलाशी हुज्जत घालावी लागत नाही.

आता खरेदी

तमाशा, कीर्तन, लग्नं ही तुझी कामं असतील तर आधी एसएम ५७ च्या जातीचे दोन माइक घे, ते कुठंही चालतात. ऑर्केस्ट्राची कामं जास्त असतील तर आधी एक किकचा माइक, त्याच्याबरोबर बुटका जड स्टँड आणि एक डीआय. कंडेन्सरची जोडी या सगळ्यानंतर. नामांकित माइकची नक्कल बाजारात सर्रास मिळते. अर्ध्या किमतीत कुणी देत असेल तर घेऊ नकोस, आणि बिलाशिवाय घेऊ नकोस.

आणि घेण्याआधी तोच माइक ओळखीच्या साउंडवाल्याकडून एका रात्रीसाठी भाड्यानं आण. तुझ्याच मिक्सरवर, तुझ्याच स्पीकरवर, गर्दी भरलेली असताना लाव. बाजूला तुझा जुना माइकही लाव. दोन्हींत फरक तुला मागच्या रांगेत उभं राहून ऐकू आला तर पैसे मोजायचे. नाही आला, तर तेच पैसे चांगल्या केबलांवर घाल.