काकडा घड्याळाचा की सूर्याचा?



कार्तिकात अकोल्याकडील एका गावी काकड्यास गेलो असता एक वृद्ध माळकरी आम्हांस म्हणाले, "महाराज, रातभर डोयाले डोया लागत नाही, अन् काकड्याच्या वक्ती झोप आवरत नाही. नेम मोडते. काय करावं?" हे दुखणे आज घरोघर आहे, म्हणून थोडा विचार करू.

प्रथम शास्त्र पाहू. रात्रीचे मुहूर्त पंधरा. त्यांतील चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. अष्टांगहृदयातील दिनचर्येचा आरंभ याच वेळी उठण्याने होतो. पण ही वेळ घड्याळाने ठरत नाही, सूर्योदयापासून मागे मोजावी लागते. आपल्या वऱ्हाडात लहान आणि मोठ्या दिवसांत सुमारे अडीच तासांचे अंतर पडते. जूनच्या अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. म्हणून ब्राह्ममुहूर्त जूनमध्ये सव्वाचारला, कार्तिकात पावणेपाचला, तर पौषात सव्वापाचला लागतो. एकच ठोका बारा महिने धरून बसणे हे शास्त्र नव्हे.

आता आधुनिक वैद्य काय म्हणतात? दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जेथे एकमेकींस ओलांडतात, त्याच्या लगेच वर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत शरीराचे घड्याळ आहे. भूक, झोप, अंगातील ऊब यांच्या वेळा तेच सांभाळते. बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित जास्त वेळ घेते, म्हणजे रोज थोडे मागे पडते. ते रोज लावावे लागते, आणि लावणारा सूर्यनारायण! डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी पाहण्यासाठी नव्हे, तर मुख्यतः उजेड किती हे कळविण्यासाठी आहेत, असे २००२ मध्ये सिद्ध झाले. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते व देहाला रात्र झाल्याचे कळते. हे द्रव्य १९५८ मध्ये वेगळे काढले गेले. या घड्याळाची पेशींतील कळ शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून ध्यानी ठेवण्याची गोष्ट एकच. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, रात्रीचा उजेड मागे ढकलतो.

त्या माळकऱ्यांना आम्ही विचारले, "दिवसभर असता कुठे?" म्हणाले, "घरातच." आणि रात्री? नातवंडांबरोबर दिव्याच्या लखलखाटात, हाती मोबाईल! वयोमानाने डोळ्याचे भिंग पिवळसर होते, आत उजेड कमी जातो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला सकाळचे ऊन अधिकच हवे. काकडा झाल्यावर घरात शिरू नये. सूर्य वर येईपर्यंत अंगणात, पारावर नाम घेत बसावे. सायंकाळी हरिपाठ झाला की दिवे मंद करावेत. उठण्याची वेळ मोडू नये.

कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर पायी जाणाऱ्यांस हे निराळे सांगावे लागत नाही. पहाटे चालणे, दिवसभर उघड्यावर, हरिपाठानंतर पाठ टेकणे. घरी तळमळणारा माणूस तेथे कांबळ्यावर गाढ झोपतो. त्यात चालण्याचा शीण आहे, तसाच उजेडाचाही वाटा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीस पहाटेचे ध्यान व सायंकाळची प्रार्थना लावून दिली, तेही दिवसाच्या याच दोन सांध्यांवर.

मात्र दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. ज्याच्या वाट्याला रात्री ओलिताची वीज येते, तो शेतकरी काकड्यास दिसला नाही म्हणून त्याला आळशी म्हणू नका. तो रात्रभर पाण्यात उभा होता. त्याने घरी येऊन अंधाऱ्या खोलीत झोपावे व जागेपणी नाम घ्यावे. पांडुरंग हजेरी मांडत नाही.

दुसरी गोष्ट आम्हां कीर्तनकारांची. सप्ताहात झगझगीत दिव्यांखाली मध्यरात्रीपर्यंत कीर्तन लांबवायचे आणि पहाटे पोरे काकड्यास येत नाहीत म्हणून रागवायचे, हा दोष आमचाच. आम्हीही हे वर्षानुवर्षे केले. आता कीर्तन दहाच्या आत संपवितो. एकादशीचा जागर निराळा, तो व्रत आहे. रोजचे जागरण व्रत नव्हे. झोप आणि जाग दोन्ही बेताची असावी, हे भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे.

माउलींनी सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सद्गुरूस सूर्य म्हटले. तो आतला सूर्य उगवावा म्हणून काकडा. तेव्हा बाहेरच्या सूर्याकडे पाठ कशाला? इत्यलम्. रामकृष्णहरि.