शेतीचा हिशेब : हाती आलेला पैसा आणि खरा नफा

हंगाम संपून माल बाजारात गेला म्हणजे गावोगावी एकच प्रश्न ऐकू येतो : “यंदा कपाशीचे किती आले?” उत्तरही चटकन मिळते. मात्र “गेले किती?” असे विचारले, की बहुतेकांना थांबावे लागते. बियाणे आणि खताचा आकडा आठवतो. निंदणीचे दिवस, फवारणीच्या पाळ्या आणि वेचणीचे वजन आठवत नाही. घरच्या माणसांनी किती दिवस राबून काढले, हे तर कोणी मोजलेलेच नसते. ज्या धंद्यात घरातील प्रत्येकाचे श्रम खर्ची पडतात, त्या धंद्याचा हिशेब केवळ आठवणीवर ठेवणे हिताचे नाही. यास्तव शेतीची हिशेबवही कशी ठेवावी, आणि ती ठेवल्याने कोणता निर्णय बदलू शकतो, याचा येथे विचार करू.

एका एकराचे उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याने कोरडवाहू रानात एक एकर कपाशी आणि एक एकर सोयाबीन घेतले. खालील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपले आकडे आपण आपल्या वहीतून घालावेत.

कपाशी ८ क्विंटल निघाली व ७,००० रुपये भावाने ५६,००० रुपये आले. मशागत ४,२००, बियाणे १,८००, खते ६,०००, फवारणी ५,०००, निंदणीची मजुरी ५,०००, वेचणी ८,००० आणि वाहतूक व हमाली १,००० असा एकूण रोख खर्च ३१,००० रुपये झाला. हाती उरले २५,००० रुपये.

सोयाबीनही ८ क्विंटल निघाले व ४,५०० रुपये भावाने ३६,००० रुपये आले. मशागत व पेरणी ४,५००, बियाणे २,७००, खते ३,०००, तणनाशक व फवारणी २,८००, सोंगणी ४,०००, मळणी २,००० आणि वाहतूक व हमाली १,००० असा एकूण रोख खर्च २०,००० रुपये झाला. हाती उरले १६,००० रुपये.

एवढ्यावरून कपाशी ९,००० रुपयांनी सरस दिसते. परंतु कपाशीत घरच्या माणसांचे ५० दिवस गेले, सोयाबीनमध्ये २०. गावात रोजाची मजुरी ३५० रुपये धरली, तर कपाशीतून १७,५०० व सोयाबीनमधून ७,००० रुपये वजा होतात. आता कपाशीत ७,५०० आणि सोयाबीनमध्ये ९,००० रुपये उरतात. गावात अशा जमिनीचा खंड एकरी ८,००० रुपये असेल, तर सोयाबीनने खंड भागवून १,००० रुपये दिले. कपाशीला खंडासही ५०० रुपये कमी पडले. शिवाय सोयाबीनचे रान ऑक्टोबरात मोकळे होते. जमिनीत ओल असल्यास त्यावर हरभरा घेता येतो.

यावरून कपाशी सोडून द्यावी, असा अर्थ कोणी काढू नये. त्या दिवसांत घरच्या माणसांस दुसरे काम मिळण्यासारखे नसेल, तर त्यांचे श्रम कपाशीत घालणेच शहाणपणाचे ठरेल. मात्र जे हाती आले ते नफा नसून बहुतांशी आपलीच मजुरी होती, हे समजून निर्णय घेणे वेगळे, आणि न समजता घेणे वेगळे.

घरची मजुरी खर्चात धरणे ही पुस्तकी कल्पना नव्हे. केंद्र शासनाचा कृषी खर्च व मूल्य आयोग प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यात घरच्या श्रमांची मजुरी मिळवून येणारा खर्च, आणि त्यातही स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज धरून येणारा खर्च, असे निरनिराळे हिशेब मांडतो. २०१८-१९ पासून हमीभाव ज्या खर्चाच्या किमान दीडपट ठरविण्याचे धोरण आहे, त्यात घरची मजुरी धरलेली आहे. सरकार जी मजुरी मोजते, ती शेतकऱ्याने स्वतःच्या वहीत का मोजू नये?

वही कशी ठेवावी

सालगड्याचे साल अनेक ठिकाणी गुढीपाडव्यापासून धरतात. आयकराचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणून वहीही १ एप्रिलपासून सुरू करणे सोयीचे. एका जाड वहीचे चार भाग करावेत.

१. मालमत्तेची यादी : जनावरे, अवजारे, पंप, शिल्लक धान्य, कडबा, देणे व येणे यांची नोंद वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस करावी. ३०,००० रुपयांचा पंप दहा वर्षे चालणार असेल, तर दर वर्षी ३,००० रुपये घसारा खर्चात धरावा.

२. रोजकीर्द : दररोजची जमा व खर्च त्याच संध्याकाळी लिहावी. घरखर्चास निराळा रकाना ठेवावा. लग्नाचा खर्च आणि खताचा खर्च एका रकान्यात गेला, की हिशेब संपला.

३. हजेरी : मजुराचे नाव, काम, दिवस, मजुरी व दिलेली उचल लिहावी. सालगड्यास दिलेले पैसे व धान्य त्याच्यासमक्ष लिहून वाचून दाखवावे; वर्षअखेरचे तंटे त्यामुळे टळतात. घरच्या माणसांचे दिवसही येथेच नोंदवावेत. घरातील स्त्रियांचे निंदणी-वेचणीचे दिवस न चुकता लिहावेत, कारण तेच सर्वांत अधिक विसरले जातात.

४. पीकवार खाते : प्रत्येक पिकास एक पान द्यावे आणि रोजकीर्द व हजेरीतील रकमा आठवड्यातून एकदा त्यावर उतरवाव्यात. घरी खाण्यास ठेवलेले धान्य व जनावरांस घातलेला कडबा गावच्या भावाने जमेस धरावा. घरचे शेणखत खर्चास धरावे.

दुकानदाराची पावती व बाजारातील हिशेबपट्टी वहीसोबत जपून ठेवावी.

आयकराविषयी

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पिकांची विक्री, शेतजमिनीचा खंड, तसेच रोपवाटिकेतील रोपांची विक्री हे शेतीचे उत्पन्न समजले जाते. दुधाचा धंदा, कुक्कुटपालन, भाड्याने चालविलेला ट्रॅक्टर किंवा दुकान यांचे उत्पन्न मात्र शेतीचे नव्हे. ते करपात्र मर्यादेच्या वर गेल्यास कर लागू होतो. आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर कराचा दर ठरविताना तेही विचारात घेतात. म्हणून जोडधंद्याची खाती शेतीपासून अलग ठेवावीत. कोणते उत्पन्न कोठून आले हे दाखविण्यास नीट ठेवलेली वही उपयोगी पडते.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

वही ठेवा, असे भाषणात सांगून काम होत नाही. प्रत्येक गावी पाच कुटुंबे निवडून पहिले दोन महिने दर आठवड्यास त्यांच्या ओसरीवर बसावे व नोंदी उतरवून घ्याव्यात. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे काम आनंदाने करतो. हंगामानंतर कुटुंबाची संमती घेऊन, नावे न सांगता, ते आकडे ग्रामसभेत मांडावेत.

आपल्या रानात पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही, बाजारभावही नाही. आपले किती श्रम कोणत्या पिकात गेले आणि त्यांचे काय मोल मिळाले, हे जाणून घेणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. एक वही, एक पेन आणि रोजची दहा मिनिटे, एवढेच त्यास लागते.