गंगूबाईंची भीती आणि आपली मुले



परीक्षेचे दिवस आले की आपल्या घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. मूल सकाळी उठते, अंघोळ करते आणि डबा भरून होईपर्यंत त्याच्या पोटात दुखू लागते. मग आम्ही पालक दोहोंपैकी एक करतो. 'काही होत नाही, घाबरतोस काय' म्हणून उडवून लावतो, नाहीतर 'तू हुशारच आहेस रे' म्हणून पाठ थोपटतो. पोटदुखी मात्र दोन्हींनी थांबत नाही, असा बहुतेकांचा अनुभव आहे. याचा विचार करताना आम्हांला आपल्याच गावचे उदाहरण आठवले, ते गंगूबाई हनगलांचे.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाडात झाला. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत त्या होत्या. वय अकरा वर्षांचे. एवढी गोष्ट आपल्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. पुढची गोष्ट खुद्द गंगूबाई सांगत असत. गाण्यापेक्षा त्यांना दुसरीच धास्ती होती. आपण खालच्या जातीच्या मानल्या जातो, तेव्हा जेवणे झाल्यावर आपल्याला उष्टी काढायला सांगतील की काय, ही ती धास्ती.

ही भीती मनाची नव्हती. धारवाडात शेजारच्या बागेतले आंबे काढायला गेल्यावर गाणारणीची पोर आपल्या आवारात शिरली म्हणून त्यांना हाकलले गेले होते. रस्त्याने जाताना 'गाणेवाली' म्हणून टोमणे ऐकावे लागत होते. अशा मुलीला 'घाबरू नकोस' म्हणून काय उपयोग? तिच्या भीतीला कारण होते आणि ते तिला पक्के ठाऊक होते.

आपल्या मुलांच्या भीतीमागेही बहुधा एखादा प्रसंग असतो. तो गणिताच्या पेपराचा असतोच असे नाही. कुणाचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवलेले असतात. कुणाला लग्नघरात काकांनी चारचौघांत टक्केवारी विचारलेली असते. आणि आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी मुलांचे एक खास दुखणे आहे. शाळेत त्यांच्या कन्नडला हसतात आणि सुट्टीत पुण्याला गेले की तिकडची भावंडे त्यांच्या मराठीतल्या कानडी हेलाला हसतात. असे मूल तोंड उघडण्याआधी दहादा विचार करते. पुढे ते उत्तर येत असूनही हात वर करत नाही आणि प्रगतिपुस्तकात शेरा येतो, 'अबोल आहे'. म्हणून भीती घालवण्याआधी ती कशाची आहे ते विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, असे आम्हांला वाटते. उत्तर त्याच दिवशी येईल असे नाही. बहुतेक वेळा ते स्कूटरवर मागे बसल्यावर येते.

आता कौतुकाविषयी. बेळगावच्या मंडपात गाण्याचे कौतुक झाले, तरी वर्षानुवर्षांनी गंगूबाई आठवण सांगत त्या धास्तीचीच. एका दिवसाच्या शाबासकीने माणसाला आपली किंमत कळत नाही. त्यांना ती कळत गेली ती घरात आणि शिकवणीत. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीचा ओढा हिंदुस्थानी गायकीकडे दिसला, तेव्हा तिच्या कानावर दुसरे वळण पडू नये म्हणून आईने स्वतःचे गाणे बंद केले, आणि १९२८ साली मुलीच्या शिक्षणासाठी कुटुंब हुबळीला आले. १९३२ साली अंबाबाई वारल्या. (प्रत्येक आईने आपले गाणे सोडावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या घरातले एक गाणे थांबले याची हळहळच वाटते. घेण्यासारखे आहे ते त्या आईचे लक्ष.)

पुढे सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. गुरुजी थोडेच देत, एखादी जागा, आणि ती बसेपर्यंत घोटून घेत. तिथे मोजमाप होते ते कालच्या आपल्या स्वराशी. भीमसेन जोशी त्याच गुरूंचे शिष्य, पण दोघांची गाणी शेजारी ठेवून ऐका, एकाची नक्कल दुसऱ्यात सापडत नाही. आणि गंगूबाईंचा आवाज तर मूळचा राहिलाच नव्हता. तरुणपणीचा बारीक, गोड आवाज घशावरच्या उपचारानंतर जाड, पुरुषी झाला. गाणाऱ्या बाईला याहून मोठे संकट कोणते? त्यांनी त्याच आवाजात गाणे उभे केले. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आमच्यातल्या काही पालकांनी घरी एक बदल करून पाहिला. मूल शाळेतून आले की 'किती मिळाले' हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. 'आज काय नवीन जमले, करून दाखव' असे म्हणायचे आणि खरोखर बसून पाहायचे. पाच मिनिटे लागतात. काही घरांत फरक पडला, काहींत अजून नाही. कर्नाटकात २०२४ साली एस.एस.एल.सी.च्या वर्षातून तीन परीक्षा झाल्या. ज्या घरात गुणांवरून जेवण कडू होते, तिथे अशा जास्तीच्या संधी जास्तीच्या धास्त्या होऊन बसतात.

मूल दोन-तीन आठवडे शाळेला जायचे टाळत असेल, झोप-जेवण उडाले असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. 'जगून काय करू' असे ते बोलले, तर एक दिवसही वाट पाहू नये. धारवाडात डिम्हान्स आहे. १८४५ सालापासूनच्या मनोरुग्णालयाची ही आजची संस्था. 'वेड्यांचे हॉस्पिटल' म्हणून तिथे जायला संकोच करणारे अजून पुष्कळ आहेत. दात दुखला तर दंतवैद्याकडे जाताना आपण असा संकोच करत नाही. २०२२ पासून केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्रीही चालू. तो फ्रीजवर चिकटवून ठेवावा, मुलांना दिसेल अशा उंचीवर.