आईच्या नावाची शिष्यवृत्ती

प्रश्न : आमची आई शहापूरकडच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या नावानं एखाद्या खासगी कॉलेजला पाच लाख रुपये द्यावेत, असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो, तोही वाटा उचलणार आहे. पैसे खरोखर मुलांपर्यंत पोहोचावेत यासाठी काय करावं? – एक वाचक, खोपट, ठाणे

उत्तर : तुम्ही पत्रात ‘डोनेशन’ हा शब्द टाळलात, बरं केलंत. आपल्याकडे डोनेशन म्हणजे प्रवेशासाठी मोजलेले पैसे. राज्यात 1987 पासून त्यावर कायद्यानं बंदी आहे. घरातलंच कुणी त्या कॉलेजात प्रवेश घेणार असेल, तर देणगी वर्षभर पुढे ढकला.

बहुतेक देणगीदार फी भरायला धावतात. पण फीचा बराच भार हल्ली सरकार उचलतं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी 2024-25 पासून माफ आहे. मुलं अडतात ती पुढच्या खर्चाला : खोलीचं भाडं, खाणावळ, पुस्तकं, लॅपटॉप. खोपटच्या डेपोत पहाटेच्या गाडीनं उतरणाऱ्या पोराला विचारा, दुपारी काय खाल्लंस म्हणून. तेव्हा शिष्यवृत्ती ‘फीसाठी’ नव्हे, ‘शिक्षणखर्चासाठी’ असं लिहून द्या.

रक्कम कायम ठेवायची असेल, तर ‘ही देणगी कायम निधीसाठी आहे’ असं लेखी पत्र द्यावं लागतं. नाहीतर ती चालू खर्चात जिरू शकते. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला 35,000 येतील. सगळे वाटू नका. 28,000 वाटून 7,000 मुद्दलात टाकायला सांगा. जुन्या ठेवींतून दिली जाणारी कित्येक पारितोषिकं आज एका पुस्तकाच्या किमतीचीही राहिलेली नाहीत, कारण व्याज पुरं वाटलं गेलं आणि महागाई थांबली नाही.

आईचं नाव मोठं करणाऱ्या देणगीचा आपल्याकडचा थोर दाखला म्हणजे सर विठ्ठलदास ठाकरसी. 1920 मध्ये त्यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख दिले आणि विद्यापीठाला मातोश्री नाथीबाईंचं नाव लागलं. पाच लाखांत कॉलेजच्या पाटीवर नाव येणार नाही, पण दरवर्षी एका मुलाच्या तोंडी ते येईल. मला हे जास्त आवडतं.

अटी मात्र सैल ठेवा. ‘अमुक तालुक्यातली, संस्कृतात नव्वद टक्के मिळवणारी’ असं लिहिलंत, तर काही वर्षं लाभार्थीच सापडत नाही आणि पैसा पडून राहतो. शिवाय नव्वदवाल्याला हात द्यायला अनेक जण असतात; घरकाम सांभाळून बासष्ट टक्के मिळवणारीला फारसं कुणी नसतं. निवड झालेल्यांची यादी आणि निधीचा हिशेब दरवर्षी मिळावा, एवढी एक अट मात्र घालाच. कॉलेज कुरकुरलं, तर दुसरं बघा. थेट मुलांशी जोडून घ्यायचं असेल, तर ठाण्यातलंच विद्यादान सहाय्यक मंडळ आहे. तिथे पैशाबरोबर विद्यार्थ्याच्या पाठीशी माणूसही उभा राहतो.

आता कर. संस्थेकडे 80-जीची मान्यता असेल, तर जुन्या करप्रणालीत साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते. नव्या प्रणालीत नाही. जुन्या प्रणालीतही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपुढची देणगी हिशेबात धरत नाहीत. म्हणजे एकट्यानं पाच लाख एकदम देण्यापेक्षा भावंडांनी वाटून, दोन-तीन वर्षांत द्यावेत. रोख तर नकोच. 2,000 वरच्या रोखीला वजावट नाही.

राहिला धाकटा भाऊ. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत तो सरळ पैसे पाठवू शकतो. अमेरिकी नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड असूनही त्याची देणगी विदेशी ठरते : संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. त्याला आज रात्रीच फोन करून पासपोर्ट कुठल्या देशाचा ते विचारून घ्या.